परिषदेत आई रडली

"बाई, कुणाचंही नाव घ्या. नाव महत्त्वाचं नाही," सर म्हणाले.

आई मंचावर सतरंजीवर बसली होती. बाकी सगळे खुर्च्यांवर. मी तिच्यासाठी खुर्ची आणली होती. सर म्हणाले, राहू दे, खालीच नैसर्गिक वाटतं. मी खुर्ची परत नेऊन ठेवली.

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात आधुनिक ग्रीसच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिकडे लष्कराचं राज्य होतं. सकाळी ग्रीक तुरुंगातल्या माणसांबद्दल बोलताना दोघातिघांचे आवाज भरून आले. ऐकताना माझेही डोळे भरले. दुपारी आमच्या इंग्रजीच्या विभागप्रमुखांचा, म्हणजे सरांचा, निबंध होता. तिथल्या डोंगराळ भागातल्या बायका मेलेल्या माणसाजवळ बसून त्याच्याशी गात बोलतात, त्यावर. जोडीला सरांना आपल्याकडचं तसलं काहीतरी हवं होतं. मीच पुढे होऊन म्हणालो, "सर, माझी आई हेल काढून रडते. आमच्या वस्तीत कुणी गेलं की तिलाच बोलावतात."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण इंग्रजी विभागात एक जागा रिकामी होणार होती आणि ती सरांच्या शब्दावर होती. आमच्या जातीचं त्या कॉलेजात शिकवायला कुणी नव्हतं. आई आरेच्या तबेल्यात शेण उचलायची. तिला मी एवढंच सांगितलं की माझ्या नोकरीचं काम आहे. ती धुतलेलं लुगडं नेसून आली.

मंचावरून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मेलंय कोन?"

पहिल्या रांगेत हसू फुटलं.

"कुणी नाही हो. नमुना म्हणून," सर म्हणाले.

"आमच्यात नाव घेतल्याबिगर रडत नाय. आनि नाव घेतलं का तो मानूस गेला म्हनायचा. तुमचं घेऊ?"

ती चेष्टा करत नव्हती. सरांचा चेहरा उतरला.

"छे छे, भलतंच काय. अभद्र असतं ते." मग त्यांना सुचलं. "मुलाचं घ्या ना. समोरच आहे."

त्यांचं नाव अभद्र. माझं चालतं. हे मला तिथंच कळलं. कळूनही मी मान हलवली. आईला खूण केली, घे.

तिनं माझं नाव घेतलं.

"तुला पाटीत निजवून शेन काढलं रे राजा... आता पाटीत कुनाला ठेवू रे..." माझा ताप, माझी शाळा, माझा पहिला सदरा, सगळं तिनं आठवून आठवून रडून काढलं. कुणीतरी भराभर लिहून घेत होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, खरंच मेलो असतो तर बरं झालं असतं.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "टेपचं रीळ अडकलं. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा तोंड उघडलं. मी म्हटलं असतं तर ती दहा वेळा रडली असती. मी मंचावर गेलो आणि तिच्यासमोरचा माइक उचलून बाजूला ठेवला.

"बस झालं, सर. आये, ऊठ."

"अरे, पण हे अर्धवट राहील."

"राहू दे अर्धवट."

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवसापासून आईनं मला नावानं हाक मारली नाही. 'अरे' म्हणायची, 'बाबा' म्हणायची. शेजारणीपुढे 'आमचा पोरगा'. एकदा मी विचारलं. म्हणाली, "त्या नावानं मी रडून बसले रे. आता कसं घेऊ?" तिच्या मनात राग नव्हता. भीती होती. ती मी घातली. सरांनी नुसतं सुचवलं, मान माझी हलली.

मित्र म्हणतात, शेवटी उठलास ना. उठलो, पण ती रडून झाल्यावर. हे मी कुणाकडून माफ करून घेणार नाही, आईकडूनही घेतलं नाही.

अजून लोक येतात. गोड बोलतात, चहा पाजतात, तुमच्या लोकांचं काहीतरी मिळवून द्या म्हणतात. त्यांना मी नाही म्हणतो, कारण सांगत नाही. आमच्या घरातलं रडणं पुढे करून मला कुठंही आत जायचं नाही. आत जायचंच झालं तर दार फोडून जाईन.