पहिले खोड आयक

बैलाच्या खांद्यावर थोपटावं तसं काकाजी गाडीच्या बोनेटवर थोपटत आणि म्हणत, "पहिले खोड आयक. तारीफ तं तुह्या डोळ्याले दिसूनच राह्यली."

आमचे शेजारी. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ते फिटर होते. कॉलेजची तीन वर्षं माझी सायकल त्यांनीच चालती ठेवली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीत त्यांच्या पान्याचाही वाटा आहे. सायकल परत देतानाही आधी दोषच सांगायचे, "मागचा ब्रेक कच्चा हाय. उतारावर पाय टेकवजो."

निवृत्तीनंतर त्यांनी एका ठेकेदाराची बंद पडलेली जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, शिवाय इंजिनाला जादा जोर देणारा मोठा टर्बो बसवलेली. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर तुम्हाला ठाऊकच आहेत. काकाजींनी स्प्रिंगा बदलून ती चार बोटं उंच केली. मोहल्ल्यातले लोक तिला बेडूक म्हणत.

पुढे काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं. विकायची ठरली, पण दलालाला द्यायची नाही. "तो हिचे पुर्जे अलग अलग विकन. मले हे चालतानी पाह्यजे."

मी आता शाळेत मास्तर, म्हणून जाहिरात मी लिहिली आणि मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. 'एकदम नव्यासारखी' ऐकून त्यांनी विचारलं, "हे कोणाची गाडी हाय, मास्तर?"

मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. सेकंड गिअर अडकतो. टर्बो तेल खातो. डाव्या दारातून पाणी येतं. फोटोही गंजाचा पहिला.

गोंदियाचा एक आला, रायपूरचे दोघे आले. दोष ऐकले की भाव पाडत. काकाजी गाडीवर ताडपत्री ओढत. मला म्हणाले, "खोड आयकून भाव पाडते तो व्यापारी. इलाज पुसते तो धनी."

एका रविवारी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतली एक तरुण इंजिनिअर आली. सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "काकाजी, सेकंड का इलाज क्या है?"

काकाजींनी घरात काकूंना हाक दिली, "चाय मांड वं!"

कागद झाले. तेव्हा त्यांनी स्वतः घडवलेली गिअरची सागवानी मूठ काढून घेतली आणि जुनी, मूळची बसवून दिली.

"बैल विकला तरी दावं घरीच ठेवते," म्हणाले. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांच्या वडिलांच्या बैलाचं दावं होतं. त्याच्याशेजारी सुतळीने मूठ टांगली.

यंदा काकाजी गेले. तेरवीला आम्ही पंगतीच्या तयारीत असताना रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला. बेडूक दारात उभा राहिला, अख्खाच्या अख्खा, आणि त्यातून ती इंजिनिअर उतरली. काकू बाहेर आल्या, बोनेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "सेकंड पडते का आता?"

"मक्खन जैसा, काकी."

काकू मागे वळल्या आणि उघड्या दारातून त्या खिळ्याकडे पाहत म्हणाल्या, "आयकलं का?"