डाव्या टेबलावरच्या वहिनी

वहिनींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायच्या नाहीत. उठायच्या, पाणी भरायच्या, स्वयंपाक उरकायच्या, माझ्या थोरल्या भावाला दोन हाका मारायच्या आणि तिसरीची वेळ आली तर पांघरूण ओढून घेऊन जायच्या. साडेसहाला कारखान्याच्या फाटकाशी उभ्या. मी त्यांचा धाकटा दीर, त्याच कारखान्यात होतो. फाटकाशी मी त्यांच्याआधी कधी पोचलो नाही.

कारखाना बुटांचा. डाव्या पायाचा माल एका टेबलावर शिवला जाई, उजव्याचा दुसऱ्या. सरमिसळ नको म्हणून. जोड लावायचं काम पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या माणसांकडे. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी डाव्या टेबलावर बसल्या आणि शेवटपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी उजव्यावर. काम तळ शिवायचं. जाड सुई, मेण लावलेला दोरा, दोन्ही हातांनी एकदम ओढायचा. ओढ कमी पडली तर टाका सैल राहतो, जास्त झाली तर कातडं फाटतं. मधलं जमायला दोन वर्षं लागतात. ज्यांना जमत नाही ते सुपरवायझर होतात.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमचा बूट नुसता पायात जातो. आमचा पाय धरतो."

मी म्हणायचो, "माणूस पहिलं पाऊल उजवंच टाकतो, वहिनी."

"हो ना. आणि मग डाव्यावर सावरतो."

मी डबा बंद करून उजव्या टेबलाकडे परत जायचो. 

आता मामांविषयी. सगळा देश त्यांना मामाच म्हणायचा. त्यांनी अनवाणी पळून देशाला सुवर्णपदक आणून दिलं आणि पुढच्या सोमवारी ते आमच्या शहरातल्या पाण्याच्या पंपावर, आपल्या नोकरीवर हजर झाले. सरकारने बंगला देऊ केला तर म्हणाले, एवढा झाडणार कोण.

बुटांच्या कारखान्याला असा माणूस म्हणजे डोकेदुखी. पोरं बूट घालायला नको म्हणू लागली. मग मालकांनी दरवर्षी मामांना एक जोड भेट पाठवायचं ठरवलं. डावा वहिनी शिवायच्या, उजवा मी. दरवर्षी जोड परत यायचा. कारखान्याचा ड्रायव्हर निरोप सांगायचा, "फार सुंदर आहे म्हणाले. ज्याला लागेल त्याला द्या म्हणाले." वर्तमानपत्रं लिहायची, काय हा साधेपणा. तो जोड आमच्या मॅनेजरसाहेबांना बरोबर बसायचा. वर्षभर साहेब तोच घालून फिरायचे.

वहिनींच्या मनाला हे फार लागायचं. ड्रायव्हरला धरून विचारायच्या, "पण पायात घालून बघितला का त्यांनी?"

"ते मी कसं विचारणार, बाई?"

"तोंडाने."

मग माझ्याकडे वळायच्या. "एकदा मला ते पाय बघायचेत, भावजी. माझा डावा ज्यांना चालत नाही असे कसले पाय आहेत ते."

मामा गेले ते झोपेत. अर्थात अनवाणी. त्यांना अंत्यदर्शनासाठी शहराच्या सभागृहात ठेवलं. घरातून निघतानाच वहिनी म्हणाल्या, "आज पाय बघूनच येणार. चेहऱ्याचं काय, तो पोस्टाच्या तिकिटावर आहे."

सभागृह खोलगट जागी होतं. त्याच्या फाटकापासून रस्ता चढत वर येतो. मामा अनवाणी पळाले म्हणून लोकांनी आपसांतच ठरवलं, आत कुणी काही घालून जायचं नाही. साहेबांना संधी दिसली. त्यांनी जाहीर केलं की सगळ्यांच्या चपला-बूट आमचा कारखाना सांभाळेल. चढावर मांडव घातला आणि सांभाळायला मी आणि वहिनी.

"साहेब, मला आत जायचंय," वहिनी म्हणाल्या.

"दर्शन तीनपर्यंत आहे. गर्दी ओसरली की तुम्हाला मी स्वतः आत सोडतो. बुटांतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" असं म्हणून साहेबांनी आपले बूट काढून वहिनींच्या हातात दिले. यंदाचाच जोड होता.

मग माणसं आली. इतकी रडणारी माणसं मी एका जागी पाहिलेली नाहीत. रडणं हे काही काम नव्हे, पण काही जण त्यात जीव ओतत होते, तेवढं मान्य करतो. समोर बुटांचा डोंगर होऊ लागला. आम्ही कामाला लागलो. काही ठरवलं नाही, काही बोललो नाही. वहिनींनी डावे उचलले, मी उजवे. त्यांनी डाव्या हाताला रांगा लावल्या, मी उजव्या. नंबरप्रमाणे, टाचा एका रेषेत. पाठ मोडून आली, पण काम असं देखणं झालं की शेजारचा पोलीसही थांबून बघून गेला. आयुष्यात आम्ही दोघांनी कधी जोड लावला नव्हता, हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या तर नाहीच.

डोळे पुसत पहिला माणूस बाहेर आला. त्याने आपला डावा लगेच ओळखला. मग विचारलं, "आणि दुसरा?"

"तिकडे, उजव्यांत," वहिनी म्हणाल्या.

"पण इथे सगळे सारखेच दिसतायत."

"आठ नंबरच्या रांगेत बघा. आठचे दीडशे आहेत फक्त."

थोड्या वेळात रस्ताभर एका पायात बूट घातलेली माणसं झाली. एरवी मारामारी झाली असती. पण दुखवट्याचा दिवस, आणि जो माणूस जन्मभर बुटांवाचून राहिला त्याच्या दारात बुटासाठी भांडायचं कसं? सगळे हळू आवाजात बोलत होते. "माफ करा, आपल्या उजव्या पायात माझा बूट तर नाही?" "असेलही. मीही शोधतोच आहे." एक म्हातारबाबा दोन निरनिराळे डावे घालून बसले होते. म्हणाले, चालतं, मामांनी तर एकही घातला नाही.

तीन वाजले. सभागृहाचं दार बंद झालं. वहिनी गुडघ्यांवर बसून जोड लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेलं, भावजी. पाय काही बघणं झालं नाही." मी त्यांच्यापुढे आणखी एक उजवा सरकवला. 

अंत्ययात्रेचा ट्रक फाटकातून निघून चढाला लागला आणि आमच्या मांडवासमोर अडकला. पुढे माणसंच माणसं, सगळी खाली वाकून बूट शोधणारी. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तरी ट्रक हळूहळू मागे यायला लागला.

"दगड लावा कुणीतरी मागच्या चाकाला," तो ओरडला.

दगड कुठून आणणार? मामांसाठी सकाळीच रस्ता झाडून लख्ख केलेला. मी तीन नंबरचा एक उजवा उचलला. वहिनींनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "उजवा नको." त्यांनी आपल्या रांगेतून साहेबांचा डावा उचलला, धावत गेल्या आणि चाकामागे घुसवला. चाक बुटावर आलं आणि थांबलं. बूट चेपला, पण सरकला नाही.

वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि समोर मामांचे पाय. ट्रकचा मागचा फळका उघडा होता. बाकी सगळं चादरीखाली, पाय तेवढे घरच्यांनी मुद्दाम उघडे ठेवलेले. रांगेत तास तास उभं राहिलेल्यांना आत डोळे टिपण्यापुरता वेळ मिळाला होता. वहिनींना पाऊण तास मिळाला, कारण रस्ता मोकळा व्हायला तेवढा लागला. बूट सुटला तर ट्रक मागे येईल म्हणून पोलिसांनी त्यांना तिथून हलूच दिलं नाही.

संध्याकाळी आम्ही घराकडे चालत निघालो. वाटेत वहिनी म्हणाल्या, "नऊ नंबर आहेत."

"कोण?"

"पाय. डावा तर नवाच्याही वर. आपण जन्मभर आठ नंबर पाठवले. नंबर कुणी सांगितला होता?"

मी आठवून बघितलं. "साहेबांनी."

"साहेबांचा कितीचा?"

"आठ."

वहिनी थांबल्या. "त्यांना बूट होत नव्हते हो, भावजी. भिडस्त माणूस, बोलला नाही." आणि मग इतक्या हसल्या की रस्त्यावर बसून पदराने डोळे पुसायला लागल्या. येणारेजाणारे हळहळले, बाईंनी मामांचं फारच मनाला लावून घेतलंय म्हणून.

ट्रक गेल्यावर साहेबांचा डावा पुरीसारखा चपटा निघाला होता. वहिनींनी तो उलटासुलटा करून टाके तपासले. एकही सुटला नव्हता. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, राहू दे. वहिनी म्हणाल्या, "राहू कसा देऊ? वस्तू मी वापरली." पुढच्या पगारातून त्यांनी कारखान्याच्याच दुकानातून आठ नंबरचा नवा जोड घेतला. साहेबांचा उजवा धडधाकट होता. म्हणून साहेबांनी नव्यातला डावा तेवढा ठेवून घेतला आणि उजवा वहिनींना परत केला.

जन्मभर डावे शिवलेल्या बाईच्या घरात तेव्हापासून एक उजवा बूट आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्या तो दाराखाली लावून ठेवतात. वारा जोराचा असला की बूट सरकतो. मी गेलो की वहिनी आधी बुटाकडे बघतात, मग माझ्याकडे.

"बसा, भावजी. डाव्याने ट्रक धरला होता. तुमच्या उजव्याने दार धरवतं का, ते बघतेय मी."