न पाहिलेलं चर्च

दौंडच्या ऑफिसात बंगल्याचा प्लॅन करून घ्यायला आलेली माणसं मला अजून विचारतात, "युरोपात काय काय बघितलं?" मी दोन-चार मोठ्या शहरांची नावं सांगतो आणि पुन्हा कॉम्प्युटरकडं वळतो. एका गावात जाऊन काहीच न बघता परत आलो, हे सहसा सांगत नाही.

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षी कॉलेजनं मला एका सत्रासाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिथं सुट्टी लागली की सगळे विद्यार्थी पाठीवर सॅक टाकून इमारती बघायला निघायचे. मीही निघालो. सुरुवातीला प्रत्येक जिन्यापाशी थांबून स्केच काढायचो. पुढं पुढं हात चालेना. म्युझियम, वाचनालय, चर्च, पूल, पुन्हा म्युझियम. सकाळी हॉस्टेलच्या पलंगावर जाग आली की आज आपण कुठल्या गावात आहोत, हे आठवायला वेळ लागायचा. खाणं म्हणजे थंड ब्रेड आणि चीज. ज्या इमारतींचे फोटो मी पुण्यात भिंतीला चिकटवले होते, त्यांच्यासमोर उभा राहून आधी बसायला जागा शोधायचो. इमारती चांगल्याच होत्या. माझ्यातच काही उरलं नव्हतं.

शेवटी राहिलं होतं स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं एक लाकडी चर्च. लहानसंच, आमच्या मळ्यातल्या घराएवढं. आमच्या सरांनी वर्गात त्याचा फोटो दाखवला, तेव्हापासून ते बघायचंच असं ठरवलं होतं. गाड्या बदलत, मग घाटातल्या बसनं तिथं पोचलो, तर भुरभुर पाऊस चालू आणि दाराला कुलूप. किल्ली समोरच्या घरात मिळेल, अशी पाटी होती.

त्या घराचं दार एका उंच म्हातारीनं उघडलं. हातात भांडी पुसायचं फडकं होतं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये किल्ली मागितली. तिनं माझ्या भिजलेल्या बुटांकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं आणि आत बोट दाखवलं. आधी बस, एवढं मला कळलं.

ते स्वयंपाकघर होतं. छत इतकं खाली की हात वर केला तर लागलं असतं. कोपऱ्यात लाकडं जाळायची भली मोठी शेगडी आणि तिला लागूनच भिंतीकडेनं बाक. तिनं मला बाकावर बसवलं, बूट काढायला लावले आणि पुढ्यात बटाट्याचं सूप ठेवलं. पाठीला ऊब लागत होती. सूप संपलं ते आठवतं. भिंतीला डोकं टेकलं, तेही आठवतं.

कुणीतरी खांदा हलवला तेव्हा बाहेरचा उजेड उतरला होता. माझ्या अंगावर लोकरीचं पांघरूण होतं. म्हातारी खिडकीकडं हात करत होती. खालच्या वळणावर बस दिसत होती. परत जायची शेवटची बस. मी बुटात कसेबसे पाय घातले आणि पळत सुटलो. ती मागून आली. बसच्या दाराशी उभं राहून तिनं खिशातली किल्ली काढून दाखवली. मग गालाखाली हात धरून, मान तिरकी करून मी कसा झोपलो होतो ते दाखवलं आणि डोकं हलवलं. उठवावंसं वाटलं नाही, असंच काहीतरी म्हणायचं असावं. मी हात जोडले. दार बंद झालं.

एवढ्या लांब येऊन हुकलं म्हणून जिवाला लागायला हवं होतं. लागलं नाही. खिडकीतून चर्चचं ओलं छप्पर थोडा वेळ दिसलं, मग वळण आलं. सीटवर मी पुन्हा डोळे मिटले.

भांडगावला परत आल्यावर घरी सांगितलं. वडील शेतातून येऊन ओट्यावर टेकले होते.

"म्हंजी तितवर जाऊन झोपूनच आला?"

"व्हय, आप्पा."

"लागली ना झोप? मंग झालं."

आई जवळच मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "ती बाई एकलीच ऱ्हाती का तिथं?"

"ठावं न्हाई."

"घरात दुसरं कोन दिसलं न्हाई?"

मी आठवून बघितलं. शेगडी आठवली, बाक आठवला, खिडकीची जाडी आठवली. माणसांचं काहीच आठवेना.

"इचारायचं राहिलं, आई."

"जेवू घातलं तिनं," आई म्हणाली आणि दुसरी जुडी ओढून घेतली.

अजून मधूनच ती विचारते, त्या बाईला पत्र टाकलंस का. गावाचं नाव मला माहीत आहे. चर्चसमोरचं घर एवढ्यावर पत्र पोचेलही कदाचित. एकदोनदा लिहायला बसलो. कुठल्या भाषेत आणि काय लिहावं, याचा विचार करेपर्यंत वडगाव रासाईच्या साइटवरून स्लॅबचा फोन आला, आणि मी गाडी काढली.