पंगतीत बसलेला राक्षस

कुरुंद्याहून मी पुण्याला निघाले, तेव्हा फाट्यावर जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि माझ्या वडिलांना, बापूंना, एकच घोर: "आता पोथी कोण वाचीन?" श्रावणात आमच्या ओसरीवर ओव्या मी वाचायची, अर्थ बापू सांगायचे. मी तोंड उघडायच्या आत दादाची नवी नवरी म्हणाली, "मी वाचते ना." झालं! मी जीपमध्ये बसायच्या आधीच माझी जागा भरली.

पुण्यात फ्लॅट झाला, ऑफिसची कॅब झाली, रविवारी ऑनलाइन प्रवचनंही झाली. श्रावणात दादा व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. बापूंचा आवाज बसला, तशी वहिनी अर्थही सांगायला लागली. तेही एक वेळ चाललं असतं, पण बापू तिला विचारायचे, "तुला काय दिसून राहिलं यात?" मला कधी एकदा तरी विचारलं होतं? अंगाची नुसती आग व्हायची. नेटवर्क गेलं असं सांगून मी फोन कट करायची. गाव सोडून आलेल्यांनो, तुमचंही नेटवर्क असंच जातं का हो?

यंदा श्रावणात मी गावी गेले. देवांच्या पंगतीत, वेश बदलून, अमृत प्यायला बसलेल्या आणि ओळखू येताच मुंडकं उडालेल्या राक्षसाची कथा निघाली. वहिनी म्हणाली, "देव न् राक्षस, दोन्ही आपल्या आतच बसून राहिलेत. अमृत वाढणारी ती आपली बुद्धी. कोणाच्या पानात वाढायचं, ते आपणच बघावं." बायांनी माना डोलावल्या. मलाही पटलं, म्हणून तर जास्त राग आला.

तेवढ्यात बापू माझ्याकडं वळले. "बाई, तुला काय दिसून राहिलं?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते आलं आणि मी काय बोलले? "राक्षस म्हणजे लबाडी."

"हा तर माझा अर्थ झाला. तुझं सांग."

"बापू, त्याला अमृत नको होतं. त्याला त्या पंगतीत बसायचं होतं. दुसऱ्याच्या पानात वाढलेलं बघून तो जळून राहिला होता. मी बी वहिनीवर तशीच जळते."

बापू म्हणाले, "बराबर. हे कोणी शिकवलेलं न्हाई." वहिनीनं डोळ्याला पदर लावला आणि पोथी माझ्याकडं सरकवली.

हेवा गेला का म्हणाल, तर छे! अजून आहे. पण घर म्हटलं की आता मला एवढंच कळतं: तिथं मी ओळखू आले, तरी पंगतीतून कोणी उठवलं नाही.