आरोग्य केंद्राचं मागीलदार

आमच्या आरोग्य केंद्राचा बाक नेमका एस.टी.च्या थांब्यासमोर. गाडीची वाट बघणारं अख्खं गाव आमच्याकडे तोंड करून उभं असायचं. त्यात आमच्या शिपायाचा आवाज असा, की खाडीपलीकडून कुणी ओ द्यावी. केसपेपर काढताना तो विचारायचा, "काय होतंय?" आणि आलेल्याच्या तापाची, खरजेची बातमी चहाच्या टपरीवर पोचायची. मनाने वाईट नव्हता हो. पण मेल्याला हळू बोलणं जमतच नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे नर्स. रत्नागिरीच्या मांडवीहून सकाळच्या गाडीने जायचे. एकदा दिवाळीच्या तोंडावर गावातली एक नवी सून बाकावर येऊन बसली. कोवळी पोर. नवरा मुंबईला, गणपतीला येऊन गेलेला. ओठ पांढरेफटक. शिपायाने विचारलं, "काय होतंय?" थांब्यावरची डोकी वळली. तिने पदर ओढला नि म्हणाली, "डोकं दुखतंय." गोळ्या घेऊन गेलीसुद्धा. मी आत एका बाळाला लस टोचत होते, खिडकीतून तिला जाताना पाहिलं. डोकं दुखणारी पोर असे पाय ओढत चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सासूने पडवीत खुर्ची मांडली, चहा दिला, आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं. "तिला काय धाड भरलीय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" सून दाराआड उभी. मी चडफडत परतले.

वाटेत मालगुंडचं माहेर आठवलं. पुरुषमाणूस पुढच्या अंगणातून, खळ्यातून येणार. पण शेजारीण कधी खळ्यातून आलीय? ती येणार मागीलदारी, हातात चार अळवाची पानं घेऊन. तिथे उंबऱ्यावर टेकून जे बोलणार, ते पडवीतल्यांच्या बापालाही कळायचं नाही. आणि आम्ही सरकारी शहाणे! बायकांना पुढच्या दारी बसवतो आणि वर विचारतो, काय होतंय.

केंद्रालाही मागचं दार होतं. त्याला मोडकी खाट नि रंगाचे डबे टेकवून ठेवलेले. ते सगळं मी हलवायला लावलं. डॉक्टर नवे होते, म्हणाले, "मागच्या दाराने पेशंट? कसं दिसेल ते?" मी म्हटलं, "दिसू नये म्हणूनच, डॉक्टर." ते हसले नि पडद्याला कापड आणून दिलं. शिपाई मात्र फुरंगटला. "मग मी काय विचारू?" "तू पुरुषांना विचार. हवं तेवढं ओरडून विचार."

मग घरोघरी जाताना मी मागीलदारीच थांबून सांगत सुटले, काही होत असेल तर मागून या गो. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. शिपाई मिशीत हसायचा.

आणि ती सून आली. अळवाची पानं घेऊन. नर्सबाईंना देऊन येते, म्हणून घरातून सुटलेली. स्टुलावर बसली नि पानं हातात तशीच धरून रडायला लागली. दिवस गेले होते, आणि घरात सांगायच्या आतच पडलं होतं. तेव्हापासून अंगावरून जायचं थांबत नव्हतं.

"बाई, मी मरेन काय?"

"मी असताना? बिशाद आहे काय!" बोलले खरी, आणि डॉक्टरांना बोलवायला धावले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि जीपमधून आम्ही तिला रत्नागिरीला नेलं. वाचली. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू?

काही वर्षांनी, माझी बदली व्हायच्या सुमारास, ती धाकट्या जावेला घेऊन आली. मागचं दार उघडंच होतं. पण ती सरळ पुढच्या दारी गेली आणि जावेला घेऊन बाकावर बसली. थांब्यावर नेहमीची गर्दी. शिपाई एव्हाना शिकला होता, वाकून हळूच म्हणाला, "बाई मागं आहेत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, थांब्यापर्यंत ऐकू जाईल अशी. "हिची पाळी थांबत नाय. केसपेपर काढा."

बाकावरचा एक म्हातारा सरकला आणि म्हणाला, "नीट टेकून बस गो, बाय."