वेगळ्या चुलीची कुत्री

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं तोंड मला आजही बघवत नाही. लिफ्टमध्ये तो असला की मी जिन्याने जाते, आणि गुडघे बोंबलायला लागले की त्याच्याच नावाने बोटं मोडते. वय झालं की माणसाने राग सोडून द्यावा म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सोडावा.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी चेन्नईला आले आणि वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये कायमची राहिले. तो गेल्यावर घरात मी आणि तीन कुत्री उरलो. दोन माझी, रस्त्यावरून उचललेली दांडगी भावंडं. तिसरी त्याची. इथे घराघरात पाणी शिरलं त्या वर्षी कपडे धुवायच्या टबात घालून, कमरेएवढ्या पाण्यातून त्याने ती आणली होती. आता ती म्हातारी झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तरी रोज संध्याकाळी त्याच्या ऑफिस सुटायच्या वेळेला दाराशी जाऊन बसायची. मीही मग चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसायचे. तिला कुणी घेऊन जावं ही कल्पनासुद्धा मला सहन होणारी नव्हती.

भांडण पेटलं ते मूठभर भातावरून. सेक्रेटरी तंजावरकडचा मराठी, त्यांच्या कितीतरी पिढ्या या मुलखात गेलेल्या. आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात ती दहाव्याला. त्यांच्याकडे कावळा रोजचाच पाहुणा. त्याला भात ठेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. त्यात सेक्रेटरीचे वडील नुकतेच वारलेले आणि त्या दिवशी अमावास्या. गच्चीवर केळीच्या पानावर भात वाढून तो आमच्याकडे पाठ करून कावळ्यांना हाका मारत होता. मी कुत्र्यांना फिरवत होते. म्हातारीचे डोळे गेले होते, नाक नाही. तो वळेपर्यंत तिने पान चाटूनपुसून लख्ख केलं होतं.

"माझ्या अप्पांचं अन्न!" तो किंचाळला.

मी मनापासून माफी मागितली. वर आपल्या साताऱ्याच्या भाबडेपणाने म्हटलं, "थांबा, माझ्याकडे गरम भात तयार आहे, आत्ता आणते." त्याचा चेहरा असा झाला, जणू मी विष आणते म्हटलं. पितरांचा भात परक्या चुलीवरचा चालत नाही, आणि परक्यातही माझ्या, कुत्र्यामांजरांच्या घरातल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. "महापालिकेचा नियम आहे. एका घरात दोनच कुत्री. तिसरं हलवा, नाहीतर मी तक्रार करतो."

इतकी वर्षं हाच माणूस तिन्ही कुत्र्यांच्या डोक्यावरून हात फिरवत लिफ्टमधून खाली जायचा. नियम तेव्हाही होताच ना? नियम हा अशा माणसांनी खुंटीला टांगून ठेवलेला सोटा असतो. मनात आलं की काढायचा.

मी तांबरमच्या मैत्रिणीला विचारलं. तिच्या सुनेला कुत्र्यांची भीती. एका निवाऱ्यात जाऊन आले. तिथली एक आंधळी कुत्री भिंतीत तोंड खुपसून बसली होती. ती बघितली आणि मी दारातूनच परत फिरले. रिक्षात रडले, आणि रडताना त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी त्याने सोसायटीची मीटिंग बोलावली आणि सगळ्यांसमोर नियम मोठ्याने वाचला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून मामी उठली. सगळी सोसायटी जिला मामी म्हणते ती त्याचीच आई. सासूसुनेचं पटेना, म्हणून वडील जाताच त्याने तिला माझ्या समोरच्या छोट्या फ्लॅटमध्ये वेगळं ठेवलं होतं. अम्माचं घर वेगळं, स्वयंपाक वेगळा, असं आम्हा सगळ्यांना तोच सांगत फिरला होता.

"तिसरं मज देऊन टाका," मामी म्हणाली.

"अम्मा, तू उगी बस."

"काय मणून उगी बसू? माझी चूल तूच वेगळी केलास ना? मग माझं घर वेगळं. माझ्या घरात एक कुत्रंही नाही."

"अम्मा, तिनं अप्पांचं सादम खाल्लं!"

"सादम मीच केलेलं. तुझ्या अप्पांनी माझ्या हातचं कधी नाव ठेवल्याविना खाल्लं का? तिनं पान चाटलं. मज पोदुम."

'सादम' म्हणजे भात आणि 'पोदुम' म्हणजे पुरे, एवढं तमिळ मला येत होतं. हॉल हसून हसून लोटपोट झाला. सेक्रेटरीचं तोंड एवढंसं झालेलं बघून मला जो आनंद झाला, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

दारासमोर दार, तेव्हा कुत्री नावाला तिकडे आणि खरी माझीच, असा माझा हिशोब होता. मामी तिला दहीभात कालवून घालायची, तिच्या अंगावर पाय ठेवून दुपारची पडायची. माझ्याकडे ती दोन दांडगी तिला ताटलीजवळ फिरकू देत नसत. तिथे सगळं राज्य तिचं. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की ती माझं दार खरवडायची, आत येऊन जागेवर बसायची.

मग एका संध्याकाळी ती आलीच नाही. चहा गार झाल्यावर मी मामीची बेल वाजवली. दार उघडलं. कुत्रीने माझा हात हुंगला, शेपटी एकदा हलवली आणि मामीच्या पायाशी जाऊन पुन्हा आडवी झाली.

"राहू दे गो," मामी मायेने म्हणाली. "निजलीय."

मामीला मी काय बोलणार? जे बोलायचं ते मी जिन्यावरून खाली येणाऱ्या तिच्या मुलाकडे बघून मनात बोलले. त्याने हसून मान हलवली. बरोबरच होतं, त्याच्या नियमाप्रमाणे माझ्या घरात आता दोनच कुत्री होती. आणि दाराकडे बघत बसायला मी एकटी.