शक्यता नाकारता येत नाही

सत्तरीचे दशक संपत आले तेव्हा मी चाळिशीत होते आणि आयुष्यातली पहिली नोकरी करत होते. प्राणिशास्त्राची पदवी घरातल्या आजारपणांत वीस वर्षे ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली होती. हिवाळी अधिवेशनासाठी सरकारचे बिऱ्हाड नागपुरात येई, तेव्हा एका खात्याला इंग्रजी टिपणांचे मराठी करायला हंगामी माणूस लागे. ते मी झाले.

समुद्र मी पाहिलेला नव्हता. समुद्रातले मासे मात्र मला कॉलेजातल्या फॉर्मालिनच्या बरण्यांमधून ओळखू येत. पांढुरके, डोळे उघडे असलेले. म्हणून कोकणातल्या एका खाडीविषयीची फाईल माझ्याकडे आली.

खाडीच्या मुखाशी भराव घालण्यासाठी तिथली तिवरे, खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे, तोडली जात होती. ही तोड थांबवणार काय, असा प्रश्न सभागृहात यायचा होता आणि उत्तरासाठी एका शास्त्रज्ञाचे टिपण मागवले होते. हे गृहस्थ कित्येक वर्षे रोज सकाळी त्याच धक्क्यावरून बादली सोडत, पाण्याचे तापमान घेत आणि जाळीत आलेली माशांची पिल्ले मोजत. तक्त्यात दोनच रकाने होते. एकातले आकडे हळूहळू वर चढत होते, दुसऱ्यातले खाली उतरत होते. पाणी तापत चालले आहे, ते आपल्या हातात नाही. पण तिवरांच्या मुळांशी सावलीत अजून गारवा आहे आणि पिल्ले तिथेच तगून आहेत, असे त्यांनी लिहिले होते. शेवटचे वाक्य होते, की तिवरे गेली तर या खाडीत बहुधा एकही पिल्लू उरणार नाही.

मी आधी ‘बहुधा’च लिहिले. मग त्या शब्दाकडे बघत बसले. समुद्र न पाहिलेल्या हंगामी बाईने सभागृहाला इतके ठाम सांगावे का, असे वाटू लागले. जुन्या फायलींत एक भारदस्त वाक्य मला नुकतेच सापडले होते आणि ते वापरण्याची मला हौसही होती. मी लिहिले : ‘पिल्ले नष्ट होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

टंकलेखिका माझ्याहून मोठी, इथलीच. ती म्हणाली, “काहून वं बाई, घंटाभरापासून एकाच ओळीवर बसून राहिली? समुद्र येऊन राहिला का तुया टेबलावर?”

“शब्द बरोबर आहे का ते बघते.”

“मले दे. मी बडवते. चुकला त मशीनचं नाव सांगजो.”

कक्ष अधिकाऱ्यांनी मसुदा वाचून मान डोलावली. “आता जमलं मॅडम तुम्हाला. सरकारी भाषा म्हणतात ती हीच.” त्या शाबासकीने मला झालेला आनंद आजही आठवतो, तो आठवला की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शास्त्रज्ञ स्वतः आले. थंडीची सवय नसलेला माणूस. गळ्याला मफलर, हातात टंकलिखित प्रत. माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी ती दोनदा वाचली.

“बाई, हे माझं वाक्य नाही.”

“सर, अर्थ तोच आहे.”

“नाही ना. शक्यता नाकारता येत नाही म्हणजे मी नाकारायला बसलो होतो आणि जमलं नाही, असं झालं. मी नाकारत नाहीये. मी सांगतोय.” आवाज मुळीच चढला नव्हता. “आत जाऊन एवढा एक शब्द बदलून आणाल? माझं इथं कुणी ऐकणार नाही. तुम्ही या घरच्या आहात.”

मी कागद घेऊन अधिकाऱ्यांच्या दारापर्यंत गेले. आत चारसहा माणसे बसली होती, हसत होती. मी पडद्याशी उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. कुणीतरी बाहेर आले, कुणीतरी आत गेले आणि मी परत फिरले. शास्त्रज्ञांना म्हणाले, “साहेब कामात आहेत.” त्यांनी मफलर नीट केला आणि ते गेले.

संध्याकाळी टंकलेखिकेने विचारले, “गेली होती का वं अंदर?” मी फाईलची दोरी बांधायला घेतली. तिने मशीनवर झाकण घातले आणि माझ्यासाठी न थांबता ती निघून गेली, असे ती कधी करत नसे.

उत्तर सभागृहात वाचले गेले. शक्यता नाकारता येत नाही. बाब विचाराधीन आहे. त्या रात्री आणि पुढच्या सकाळी लकडगंजातल्या आमच्या घरामागच्या, लाकडे कापणाऱ्या आरामशिनीचा आवाज मला प्रथमच ऐकवेना.

तीन हिवाळ्यांनी शास्त्रज्ञांचा नवा तक्ता आला. त्या खाडीच्या तापमानाचा रकाना भरलेला होता. पिल्लांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. सोबत शेजारच्या दुसऱ्या खाडीचा तक्ता होता. तिथे अजून आकडे होते. तिवरेही होती आणि ती तोडायला सुरुवात झाली होती. शेवटचे वाक्य तेच, ‘बहुधा’सकट.

या वेळी मी तोच शब्द लिहिला. मसुदा परत आला तेव्हा तो शब्द खोडून वर लिहिले होते, शक्यता नाकारता येत नाही.

मी उठले आणि पडदा सारून आत गेले. माणसे बसलेली होती.

“साहेब, हे वाक्य त्यांचं नाही.”

अधिकारी प्रसन्नपणे हसले. “मॅडम, हे वाक्य तर तुमचं आहे.” त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. तीन हिवाळ्यांपूर्वीचा माझाच मसुदा, माझ्याच अक्षरातला. कोपऱ्यात लाल शाईने ‘नमुना’ असे लिहिलेला. “तेव्हापासून किनाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाला आम्ही हेच उत्तर देतो.”